पाळकसाहेब

त्याच्याकडे जाण्याआधी एवढी तयारी करा: ळ घोटवून घ्या. जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची आणि सोडून द्यायची. पाळक. हे जमलं नाही तरी तो दारातून परत पाठवणार नाही, माणूस सोशिक आहे. पण चेहरा उतरतो. पालकाची जुडी बाजारात मिळते, पालकांची सभा शाळेत भरते, आणि आपण या दोहोंपैकी कुणीच नाही, हे त्याला जन्मभर समजावत बसावं लागलं आहे. बातमीत ‘चर्चचे पालक’ असं छापून आलं की तो कात्रण घडी करून ठेवून देतो. कुणाला दाखवत नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा जो धार्मिक पुढारी, त्याची ही पदवी. माणसं बदलून दुसऱ्या गावी जातात, निवृत्त होतात, मातीआड जातात. पदवी त्याच खुर्चीत पुढच्या माणसाची वाट पाहत बसलेली असते. इतकी वर्षं बसून बसून तिलाच स्वभाव आला आहे. शब्द पुल्लिंगी, म्हणून आपण त्याला ‘तो’ म्हणू.

पालक आणि पाळक हे सख्खे भाऊ. आई एकच, संस्कृत. एकानं आईकडचा ल जपला आणि तो शाळा-कचेरीत गेला. दुसरा रानात, माणसांच्या तोंडी वाढला. फलाचं फळ झालं, बालाचं बाळ झालं, गोपालाचा गोपाळ झाला, त्याच वाटेनं त्याचा ल वळून ळ झाला. कचेरीतल्या भावाचं नशीब असं फळफळलं की जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याला आज पालकमंत्री म्हणतात. या जोडशब्दाकडे जरा निरखून बघा. पालक म्हणजे अर्थानं पास्टर. मंत्री म्हणजे इंग्रजीतला मिनिस्टर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सेवक, आणि इंग्रजी चर्चमध्ये धर्मसेवकालाही तेच नाव. चर्चच्या अंगणातली दोन नावं एकाच माणसानं घेतली आणि झेंडावंदनाला आला, तरी पाळक गर्दीत मागच्या रांगेत हात जोडून उभा. रागवायचं त्याच्या स्वभावात नाही.

नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात त्याला समजून घ्यायचं तर नगरहून निघून करंजीचा घाट ओलांडावा, तिसगाव मागे टाकावं आणि रस्त्याच्या कडेला नजर ठेवून जावं. चर्च नंतर सापडेल, आधी मेंढरं शोधा. धनगराचा वाडा चालला असेल. एक माणूस पुढे, एक मागे. पुढच्याला पाण्याची वाट ठाऊक असते. मागचा लंगडणाऱ्या मेंढीकडे बघत येतो. घोड्यावर बिऱ्हाड, कुणाच्या तरी हातात काल रात्री जन्मलेलं कोकरू. संध्याकाळी शेतात वाघूर लावायची, मेंढरं आत घ्यायची आणि तोंडं ओळखून मोजायची. एक कमी भरलं तर जेवण थांबतं.

पास्टर या लॅटिन शब्दाचा अर्थ अगदी हाच माणूस: चारणारा, राखणारा. पॅलेस्टाइनच्या कोरड्या डोंगरांत ज्या कामावरून ही पदवी घडली, ते काम पाथर्डीच्या कोरड्या माळावर आजही चालू आहे. मोठ्या शहरातल्या ख्रिस्ती माणसाला तिचा अर्थ कोशात शोधावा लागतो. इथे तो एसटीच्या खिडकीतून दिसतो. गाडी थांबते, मेंढरं रस्ता ओलांडतात, आणि अर्थ समोरून निघून जातो.

मराठी बायबलकारांनी इथे एक नाजूक काम केलं आहे, त्याबद्दल त्यांना फारसं कुणी शाबासकी दिलेली नाही. ग्रीक नव्या करारात शब्द एकच आहे, ‘पोइमेन’. येशूसाठी तोच आणि मंडळीतल्या माणसासाठीही तोच. मराठीनं त्याचे दोन केले. येशू झाला मेंढपाळ, आणि मंडळीचा माणूस झाला पाळक. मालकाकडे पूर्ण शब्द, चाकराकडे अर्धा. ‘मेंढ’ हा तुकडा गळाला, त्यामुळे आणखी एक अडचण टळली: रविवारी बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला, शिक्षकाला, कंडक्टरला आपण मेंढरू आहोत असं थेट ऐकावं लागत नाही.

आणि ऐकावं लागलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं नसतंच. कारण नगरकडच्या मंडळ्यांची घडण वेगळी. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधून आलेले काँग्रिगेशनल पंथाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. या पंथात बिशप नाही. वरून हुकूम सोडणारं कुणीच नाही. मंडळी एकत्र बसते, बोलते, भांडते आणि आपला पाळक आपण ठरवते. म्हणजे मेंढरांनीच मेंढपाळ निवडायचा. धनगराला हे सांगितलं तर तो घोंगडी झटकून उठून जाईल. पण नगर जिल्ह्याला सभा, ठराव आणि गटबाजी यांची जी उपजत आवड आहे, तिला ही पद्धत फार मानवली. १८५४ साली हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा मिळाली आणि नगरच्या दोन मंडळ्या त्यांच्या हाती आल्या. गोऱ्या साहेबाच्या जागी मराठी माणूस उभा राहिला, तो पाळक या नात्यानं. माझ्या मते त्याचा खरा वाढदिवस तो.

जन्म झाला त्या घरात एक वडीलधारा चुलतभाऊ आधीपासून होता, पाद्री. त्याच्याबद्दल बोलायला हवं, कारण बाहेरची माणसं या दोघांत नेहमी गल्लत करतात.

पाद्री आला पोर्तुगिजांबरोबर, गलबतातून. पोर्तुगिजांनी आपल्या भाषेत काय काय उतरवलं बघा: पाव, बटाटा, चावी, घमेलं, लिलाव, हापूस. त्याच मालात पाद्री. पोर्तुगीज पाद्रे, त्यामागे लॅटिन पाटेर, म्हणजे बाप. गोवा, चौल, वसई असा किनाऱ्यानं हिंडत तो वर घाटावर चढला, पुढे गोऱ्या पलटणींच्या तोंडी बसला. आजही भारतीय सैन्यात धर्मशिक्षकांची भरती निघते तेव्हा पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्या रांगेत पाद्री हाच शब्द असतो. सैन्यात त्याला मान आहे. बाहेर मात्र त्याच्या वाट्याला चांगले दिवस आले नाहीत. गोष्टींतून, नाटकांतून, संशयाच्या चर्चांतून त्याला इतकं वापरलं गेलं की नगरकडचा ख्रिस्ती माणूस आपल्या मंडळीच्या पुढाऱ्याला सहसा पाद्री म्हणत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर समजतं की हा माणूस कधी आपल्या चर्चमध्ये आलेला नाही.

तरी भावाचा माल या घरानं टाकून दिला नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, क्रूस पोर्तुगीज. अमेरिकन मिशनऱ्यांच्या हाताखाली वाढलेल्या मंडळ्या दर डिसेंबरला पोर्तुगीज नावाचाच सण साजरा करतात. बदललं ते एकच नाव: दारात उभ्या असलेल्या माणसाचं.

त्यांचं नातं मात्र तुटत नाही. यास्कानं निरुक्तात पिता या शब्दाची फोड करताना, जो राखतो, पाळतो तो पिता, असा अर्थ लावला. म्हणजे पाद्री हा बाप, आणि बाप म्हणजे पाळक. आपल्या सर्वात जुन्या व्युत्पत्तिकारानं दोघांना नकळत एका पाटावर बसवलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ पित्यातला ‘पा’ हा लेकरांच्या पहिल्या बडबडीतला धरतात. पण पाळक आणि पास्टर यांच्याबद्दल तेही सांगतात की संस्कृतमधला ‘पा’ म्हणजे राखणं आणि लॅटिनमधलं चारणं एकाच मुळातून फुटलेलं आहे. भाषांतर करणाऱ्यानं अर्थ जुळवला, आणि खाली खणल्यावर रक्ताचं नातं निघालं. असा योग भाषांतरकाराच्या वाट्याला क्वचित येतो.

लेकरांची बडबड निघालीच आहे तर फादरला भेटून घेऊ. कॅथलिक घरातला हा नातेवाईक. तोही बापच, फक्त इंग्रजी पेहरावातला. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते तेव्हा त्याची खरी गडबड असते. याच बापाच्या घराण्यात पोप येतो, ग्रीक पाप्पास. म्हणजे लाडानं मारलेली ‘बाबा’ ही हाक. आणि इंग्रजीत मठाच्या प्रमुखाला ॲबट म्हणतात, त्याचं मूळ अरामी भाषेतल्या ‘अब्बा’त आहे. येशू स्वतः अरामी बोलत असे. अब्बा ही त्याच्या घरातली हाक. पाथर्डी तालुक्यात पारावर बसलेला प्रत्येक दुसरा म्हातारा आबा असतो. दोन भाषांचा संबंध नाही, पण लेकराचं तोंड सगळीकडे सारखंच उघडतं.

पाळकाच्या स्वभावात एक हौस आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्याला नुसता ‘पाळक’ आवडत नाही. ‘पाळकसाहेब’ हवा.

हे शेपूट त्याला मिशन बंगल्यातल्या गोऱ्या साहेबाकडून मिळालं, आणि वर वर पाहता ते विजोडच आहे. चारणारा माणूस, त्याला साहेब कशाला? टीका करणारे हे बोलून दाखवतात. पण या भागातल्या साहेब शब्दाचं वजन तागडीत घातल्याशिवाय मी ती टीका मान्य करणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्याच्या खेड्यांत जी माणसं ख्रिस्ती झाली, ती मोठ्या संख्येनं महार आणि मांग समाजातली. गावगाड्यात त्यांना ‘अहो’ नव्हतं. नातवंडं असलेल्या म्हाताऱ्यालाही कालचं पोर अरेतुरे करायचं, नाव तोडून हाक मारायचं. अशा घरातला मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, पुढे नगरला धर्मशिक्षण घेतलं, ज्येष्ठांनी डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा दिली, आणि तो पाळक होऊन फिरू लागला. आता त्याला हाक कशी मारायची? ‘पाळकसाहेब’ म्हटलं की पुढे ‘ये’ म्हणता येत नाही. ‘या’च म्हणावं लागतं. ‘आला’ म्हणता येत नाही, ‘आले’ म्हणावं लागतं. जे शास्त्रानं दिलं नाही, जे गावानं दिलं नाही, ते मराठी व्याकरणानं देऊन टाकलं. साहेब या तीन अक्षरांनी क्रियापद वाकवलं.

म्हणून त्याची ती हौस मला प्यारी आहे. रविवारी सकाळी पांढरा झगा चढवून तो दारात उभा राहतो, येणाऱ्याचा हात हातात घेतो, आणि कुणी ‘जय ख्रिस्त, पाळकसाहेब’ म्हटलं की त्याची मान किंचित ताठ होते. ती होऊ द्यावी. त्या ताठ मानेखाली तीन-चार पिढ्यांच्या वाकलेल्या माना आहेत.

दुसरी सवय मास्तरकीची. गावात कुणी अशुद्ध लिहिलेलं दिसलं की त्याचा हात खिशातल्या पेनाकडे जातो. हीसुद्धा घराण्यातून आलेली खोड. नव्या करारात मंडळीच्या कामकऱ्यांची एक यादी आहे, इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक. सगळ्या नव्या करारात मंडळीतल्या कामकऱ्याला उघडपणे पाळक हे नाव दिलेलं फक्त या एका जागी सापडतं. एवढी मोठी पदवी, आणि मुळात तिचा कागद एवढाच. त्यातही ग्रीकमध्ये पाळक आणि शिक्षक या दोघांना मिळून एकच उपपद आहे, एका जुवाला जुंपलेल्या जोडीसारखं. नगरच्या खेड्यांत ही जोडी शब्दशः खरी झाली. आठवडाभर जो मिशनच्या शाळेत अ-आ-इ शिकवायचा, तोच रविवारी उपासना चालवायचा. फळा तोच, खोली तीच, सतरंजी तीच. कित्येक वस्त्यांत चर्चची इमारत नंतर आली, शाळा आधी आली. म्हणून इथल्या पाळकाच्या उपदेशाला खडूचा वास असतो आणि तो शेवटी प्रश्न विचारतो.

लग्नपत्रिकेवर मात्र तो कपडे बदलतो. तिथे त्याचं नाव ‘रेव्ह.’ लावून येतं. रेव्हरंड. हा त्याचा कडक इस्त्रीचा कोट, सणासुदीला घालायचा. लॅटिन रेव्हरेंडुस, म्हणजे ज्याचा आदर केला पाहिजे असा. संस्कृतचा ‘आदरणीय’ घ्या, प्रत्ययासकट जुळतो. या पदवीत काम काय करायचं ते कुठेच सांगितलेलं नाही, बाकीच्यांनी काय करायचं तेवढं सांगितलं आहे. पाळकात नेमकं उलट. त्यामुळे कोट अंगात असताना आपला पाळक थोडा अवघडलेला असतो.

महाराष्ट्रात हा कोट सर्वात शोभला तो एकाच माणसाला, आणि त्यानंच तो खुंटीला टांगला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे ते नगरला आले, १९०४ साली त्यांना दीक्षा मिळाली, राहुरीला त्यांनी काम केलं. मराठी कवितेत त्यांचं नाव आधीच मोठं होतं. तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी होऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. संन्याशाला पदवी नसते. पण मराठी माणूस शंभर वर्षांनंतरही त्यांना रेव्हरंड टिळकच म्हणतो. दुसरे टिळक लोकमान्य, हे रेव्हरंड. दोन्ही विशेषणांचा अर्थ शेवटी एकच: लोकांनी मानलेला.

१९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. निरनिराळ्या पंथांचे सहा प्रवाह एकत्र आले, नगरच्या मंडळ्या त्यात होत्या, आणि ज्या घरात सव्वाशे-दीडशे वर्षं बिशप हा शब्द पाहुणा होता तिथे तो कर्ता पुरुष होऊन आला. पाळकाला सवय व्हायला वेळ लागला. ज्याला मेंढरांनी निवडायचं, त्याची आता बदली होऊ लागली.

बिशपाचं मूळ ग्रीक, ‘एपिस्कोपोस’. ‘एपि’ म्हणजे वर, ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. टेलिस्कोप आणि मायक्रोस्कोप ही त्याचीच भावंडं. मराठी बायबलानं याला दिलेला प्रतिशब्द ‘अध्यक्ष’, आणि तो इतका चपखल आहे की दाद द्यावी. अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. ज्याचा डोळा वर आहे तो. आपल्याकडे अध्यक्ष म्हटलं की हार, खुर्ची आणि समारोपाचं भाषण डोळ्यांपुढे येतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अध्यक्ष हा हिंडून पाहणी करणारा कामाचा माणूस आहे. शेतीचा सीताध्यक्ष, गुरांचा गोऽध्यक्ष. गुरं मोजणारा अध्यक्ष आणि मेंढरं मोजणारा पाळक, दोघांचं दुखणं एकच.

आणि गंमत पाहा, पाळक या शब्दाच्या पोटातही बिशप आहे. पाळणे या क्रियापदाची मराठीत केवढी वेलवाढ झाली आहे. गाय पाळतात, शब्द पाळतात, सुतक पाळतात, वेळ पाळतात. त्याच वेलीवर पाळत आहे. पाळत ठेवणे म्हणजे डोळा ठेवणे, आणि तेच ‘एपिस्कोपोस’चं काम. फरक एवढाच की पाळणाऱ्याचा हात लागतो आणि पाळत ठेवणाऱ्याची नजर.

बिशपाच्या हातातला दंड नीट बघा. वर वाकवलेला आकडा असतो, मेंढीला ओढून घ्यायच्या काठीसारखा. कॅथलिकांच्या आर्चबिशपाला पोपकडून एक अरुंद पांढरी पट्टी मिळते, पॅलियम, खांद्यावर घ्यायची. ती कोकरांच्या लोकरीची विणलेली असते. खांद्यावर लोकर, हातात आकड्याची काठी. करंजी घाटातल्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी आठवा. रोमपर्यंत जाऊनही या घराण्याला आपला धंदा लपवता आला नाही, आणि त्यानं लपवूही नये.

अध्यक्षावरून आठवलं. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा वसईचा फादर. तेव्हा काहींनी विचारलं, फादर आणि अध्यक्ष? मराठी बायबल ज्यांनी वाचलं होतं त्यांना हा प्रश्न पडला नाही. तिथे मंडळीवर नजर ठेवणाऱ्याला केव्हापासून अध्यक्षच म्हणतात.

पाथर्डीत पाळकाचे शेजारी मोठे आहेत, हे मात्र त्याला मान्य करावं लागतं. मढीला कानिफनाथ. रंगपंचमीला अठरापगड माणूस तिथे लोटतो, गाढवांचा बाजार भरतो. भगवानगडावर महंत. चिचोंडी हे जैन आचार्य आनंदऋषींचं जन्मगाव. एवढ्याशा तालुक्यात नाथ, महंत, आचार्य अशा भारदस्त पदव्या पाठीला पाठ लावून बसल्या आहेत, आणि कोपऱ्यात आपला पाळक. पण त्यांची नावं उलगडून बघितली की त्याला धीर येतो. महंत म्हणजे मोठा. तिथे त्याचं काही चालत नाही. आचार्य म्हणजे जो स्वतः आचरून दाखवतो. तिथे तो मान लववतो. नाथ म्हणजे ज्याच्याकडे आसऱ्याला जावं असा राखणकर्ता, आणि ज्याला तो नाही तो अनाथ. म्हणजे नाथ हा पाळकच, फक्त जास्त जुना आणि जास्त गोड आवाजाचा. मढीच्या यात्रेच्या दिवसांत रस्ता माणसांनी भरतो तेव्हा पाळक आपल्या ओसरीवरून बघत असतो. त्या गर्दीत त्याच्या मंडळीचे सोयरेधायरेही असतात. त्याला परकं वाटत नाही.

घरातला धाकटा, पास्टर, त्याच्याबद्दल फार बोलणार नाही. नव्या स्वतंत्र मंडळ्यांत तो दिसतो. हातात माइक, गळ्यात गिटार, मोबाइलवर बायबल. नाव इंग्रजी, अर्थ तोच. पाळकाला तो उथळ वाटतो, त्याला पाळक जुनाट वाटतो. दोघांनी एकदा आपापला शब्द उघडून बघावा. आत एकच मेंढरू निघेल.

घरात आणखी एक खोली आहे, पाळकीणबाईंची. पाळकाच्या बायकोला हे नाव आपोआप मिळतं, दीक्षा नाही, पगार नाही, आणि निम्मं काम तिचं. बायकांची उपासना, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, रागावून निघालेल्या सुनेला चहा देऊन थांबवणं, ही सगळी पाळणुकीची कामं तिच्याकडे. आता स्त्रियाही दीक्षा घेऊन स्वतः पाळक होतात. मग त्यांना काय म्हणायचं? पाळकीण म्हटलं तर त्या कुणाच्या तरी बायको होतात. पाळकबाई म्हटलं तरी तीच शंका. इथे मात्र तो कडक कोट, रेव्हरंड, उपयोगी पडतो, कारण मराठीत त्याला लिंग नाही. पण ही तडजोड झाली. माझं मत स्पष्ट आहे: बाई दीक्षित असेल तर तिलाही पाळकच म्हणावं, पाळकसाहेबच म्हणावं, आणि क्रियापद तिच्यासाठीही तसंच वाकू द्यावं.

त्याची शेवटची सवय सांगतो आणि थांबतो. तो मोजतो. मंडळीच्या वहीत बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू यांचे रकाने असतात, ते भरणं वेगळं. उपासना चालू असताना, गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला, त्याचे डोळे बाकांवरून फिरत असतात. शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णवांना रानात ठेवून निघालेल्या मेंढपाळाची येशूची गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली आहे की ती त्याच्या डोळ्यांत उतरली आहे.

दिवाळी सरली की ही मोजणी अवघड होते. पाथर्डी हा ऊसतोडीचा तालुका. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक भरतात, टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि गावंच्या गावं म्हातारी माणसं आणि कुलपं सांभाळत राहतात. मंडळीतली घरंही त्यात जातात. नाताळाला तारे लागतात, पण निम्मी बाकं रिकामी. इथे नव्याण्णव गेलेली असतात आणि एखादंच घरी असतं. ज्या पाळकाला आपली पदवी कळली आहे, तो तेव्हा वहीवर बोट ठेवून बसत नाही. कुठल्या कारखान्यावर कोण गेलं याची चौकशी करतो, गाडी काढतो आणि फडावर जाऊन एकेका कोपीत वाकून शिरतो. चिपाडांच्या शेकोटीशी प्रार्थना होते. कोयता बाजूला ठेवून बाया-बापे बसतात. तिथे झगा नसतो, रेव्ह. नसतं. कोपीचं दार एवढं बुटकं की साहेबालाही खाली बसूनच आत यावं लागतं.

जानेवारीत पाथर्डीकडे आलात आणि एखाद्या रविवारी चर्चच्या दाराला कुलूप दिसलं, तर लगेच मागे फिरू नका. शेजारच्या ओट्यावर म्हातारी बसलेली असेल, तिला विचारा पाळकसाहेब कुठे गेलेत. ळ नीट म्हणा, ती गावाचं नाव सांगेल.